लिव्हरच्या पेशंटला ताप न येताही इन्फेक्शन होतं: ओळखायचं कसं, रोखायचं कसं

सिऱ्हॉसिस म्हणजे लिव्हर घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा आजार. त्याचा पेशंट महिनोन्‌महिने बरा चाललेला असतो आणि मग चार दिवसांत कावीळ चढते, पोट तट्ट होतं, लघवी कमी होते, माणूस बरळायला लागतो. घरचे म्हणतात, "लिव्हर एकदम गेलं." बऱ्याचदा आधी इन्फेक्शन झालेलं असतं आणि लिव्हर त्याच्यामागून कोसळतं. दवाखान्यात भरती होणाऱ्या सिऱ्हॉसिसच्या पेशंटांपैकी साधारण तीन-चारांत एकाला जंतुसंसर्ग सापडतो, आणि तो झाला की मृत्यूचा धोका जवळपास चौपट होतो. म्हणून घरच्यांनी सगळ्यात आधी इन्फेक्शन ओळखायला शिकायचं. पथ्य, औषधं, तपासण्या त्यानंतर.

पेशी नेमक्या कुठे चुकतात

आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेनं थेट लिव्हरमध्ये येतं. त्याच्याबरोबर आतड्यातले जंतू आणि त्यांचे तुकडेही येतात. लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी त्यांना तिथल्या तिथे गिळतात. सिऱ्हॉसिसमध्ये लिव्हर घट्ट होतं, रक्ताला आतून वाट मिळत नाही, मग ते आडवाटेच्या फुगलेल्या शिरांमधून लिव्हरला वळसा घालून पुढे जातं. न गाळलेलं रक्त सगळ्या अंगभर फिरतं. त्यात पित्त कमी पडल्यानं आतड्यात जंतू वाढतात आणि आतड्याचं अस्तरही गळकं होतं.

पांढऱ्या पेशींना रोजच असा जंतूंच्या तुकड्यांचा मारा सहन करावा लागतो. न्यूट्रोफिल पेशी कारण नसताना चवताळलेल्या राहतात, स्वतःच्याच अवयवांना पोळतात, आणि खरा जंतू आला की त्याला धड गिळू शकत नाहीत, मारू शकत नाहीत. रात्रभर पानाच्या सळसळीवर भुंकून दमलेल्या खळ्यावरच्या कुत्र्यासारखी त्यांची गत होते. मोनोसाइट पेशींवर एचएलए-डीआर नावाचा रेणू असतो. जंतूचा तुकडा इतर पेशींना दाखवून सावध करायचं काम तो करतो. लिव्हर निकामी झाल्यावर तो कमी होतो. भर म्हणून रक्तातला अमोनिया न्यूट्रोफिलना आणखी निकामी करतो, जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनं लिव्हर पुरेशी बनवत नाही, आणि फुगलेली पाणथरी (प्लीहा) पांढऱ्या पेशी व प्लेटलेट अडवून ठेवते.

थोडक्यात, शरीरात दाह भरपूर आणि संरक्षण नाही, असा उलटा कारभार असतो. "प्रतिकारशक्ती वाढवणारं" काहीही इथे का चालत नाही, ते यावरून कळतं. चवताळलेल्या पेशींना आणखी चेतवून उपयोग काय? गुळवेलीचा काढा तर सरळ बंद करा. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. ज्याचं लिव्हर आधीच थकलंय त्याच्यासाठी हा जुगार आहे. मोठ्या इस्पितळांनीही पेशी जाग्या करायचे प्रयत्न केले आहेत. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफ इंजेक्शनचा दिल्लीतल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात फायदा दिसला होता. जर्मनीतल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्यामुळे कोणी "पेशी वाढवायचं महागडं इंजेक्शन" सुचवलं, तर ते नेमकं कशासाठी, हे विचारून घ्या.

पेशींवरचा भार कमी करणं मात्र घरी जमतं.

रोजची वही

शंभर पानी वही घ्या आणि सकाळी चहाच्या आधी पाच गोष्टी लिहा. पाच मिनिटं लागतात.

वजन: लघवी झाल्यावर, रोज त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. उलट लघवीच्या गोळ्या चालू असताना पायाला सूज नसलेल्या माणसाचं वजन दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरायला नको; सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. त्याहून वेगानं उतरलं तर मूत्रपिंड सुकतं.

ताप: शंभर अंशांच्या वर गेला तर दवाखाना. पण ९६.८ च्या खाली गेला तरी दवाखानाच. अंग गार पडणं ही इन्फेक्शनची वाईट खूण आहे, आणि तापच नाही म्हणून घरचे नेमके तिथे निर्धास्त राहतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो. उन्हातून आल्या आल्या थर्मामीटर लावू नका, अर्धा तास सावलीत बसवून मग बघा.

नाडी आणि श्वास: पेशंटला प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल ही नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर इन्फेक्शन होऊनही नाडी फारशी चढत नाही, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबू नका. एक पूर्ण मिनिट छातीची हालचाल मोजा. श्वास २२ किंवा जास्त असेल तर थांबायचं नाही.

लघवी: बाटलीवर मापाच्या खुणा करून चोवीस तासांची मोजा. अर्ध्या लिटरच्या खाली आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

डोकं: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. इन्फेक्शनची पहिली चाहूल पुष्कळदा मेंदूतून लागते. दिवसा पेंगणं आणि रात्री टक्क जागं राहणं, ओळखीच्या माणसाचं नाव चुकणं, विनाकारण चिडणं. रोज वहीत त्याच जागी पेशंटची सही घ्या. मागच्या आठवड्याच्या सहीशेजारी ठेवली की अक्षर फिस्कटलेलं लगेच दिसतं. सही येत नसेल तर एका मिनिटात जनावरांची नावं सांगायला लावा: गाय, बैल, शेळी, कोल्हा. दहाच्या खाली आली तर मेंदूवर परिणाम सुरू झालाय असं धरा. दोन्ही हात समोर ताठ करून पंजे वर उचलायला सांगा. पंजे पंखासारखे फडफडले तर तेच. आणि हे सगळं घरच्या बोलीत विचारा. म्हाताऱ्या माणसाला "आज कोन्ता वार शे?" असं अहिराणीत विचारलं तर उत्तर खरं मिळतं, प्रमाण मराठीतल्या परीक्षेला ते नुसतं "हो" म्हणतात.

रक्ताचा रिपोर्ट फसवतो

समजा पाणथरी मोठी असल्यानं पेशंटच्या पांढऱ्या पेशी एरवी २,८०० असतात. आज रिपोर्टमध्ये ७,००० आल्या. लॅबच्या कागदावर पुढे "नॉर्मल" छापलेलं असतं, कारण ४,००० ते ११,००० ही सगळ्यांची मर्यादा. या माणसासाठी मात्र ती अडीचपट वाढ आहे. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा रक्तातला घटक, लिव्हरच बनवतं, म्हणून लिव्हर फार थकलं असेल तर तोही हवा तेवढा चढत नाही. जुने सगळे रिपोर्ट तारखेनं एकाच फाइलमध्ये लावा आणि डॉक्टरांसमोर आजचा कागद एकटा ठेवू नका, मागचे तीन त्याच्याबरोबर ठेवा.

पोटातलं पाणी: सुई घालायला घाबरू नका

जलोदर असलेल्या, म्हणजे पोटात पाणी साठलेल्या पेशंटमध्ये जंतू आपोआप त्या पाण्यात शिरतात. पोट दुखेल, ताप येईल असं काही नाही; कितीकांना काहीच होत नाही. म्हणून पोटात पाणी असलेला पेशंट कुठल्याही कारणानं भरती झाला, तर ते पाणी तपासायला पाठवणं हा नियम आहे, शक्यतो १२ तासांच्या आत आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. "आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वाढलाय, प्लेटलेट कमी आहेत, सुई नको," असं ऐकायला मिळतं. या तपासणीसाठी प्लाझ्मा चढवायची गरज सहसा नसते आणि रक्तस्राव फार क्वचित होतो. न तपासण्याचा धोका कितीतरी मोठा.

पाणी काढताना दोन गोष्टी बघा. पेशी मोजायला जांभळ्या झाकणाची नळी लागते. साध्या नळीत पाणी गोठलं की मोजणी चुकते. आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी) रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत पलंगाशीच दहा मिली पाणी तिथल्या तिथे भरायचं. नंतर लॅबमध्ये जाऊन भरलं तर जंतू हाती लागायची शक्यता घटते, आणि मग आंधळेपणानं अँटिबायोटिक बदलत बसावं लागतं.

हिशोब सोपा आहे. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ६०० आणि पॉलिमॉर्फ (म्हणजे न्यूट्रोफिल) ७० टक्के लिहिले असतील तर ६०० × ७० ÷ १०० = ४२०. हा आकडा २५० किंवा त्याहून जास्त आला की इन्फेक्शन आहे असं धरून उपचार सुरू होतात, कल्चर यायची वाट बघत नाहीत. पाण्यात रक्त मिसळलं असेल तर दर २५० लाल पेशींमागे एक पॉलिमॉर्फ वजा करतात.

उपचारात अँटिबायोटिकबरोबर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन, बाटलीतून शिरेत देतात) लागतं, ते मूत्रपिंड वाचवायला. पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी किलोमागे एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ९० आणि ६० ग्रॅम. वीस टक्क्यांच्या शंभर मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे साडेचार आणि तीन बाटल्या. खर्च मोठा आहे, पैशाची जुळवाजुळव पहिल्याच दिवशी सुरू करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं पॅकेज बसतं का, ते भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारा. पोटातून एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तरी दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावं लागतं. पण रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसलं म्हणून रोज एक बाटली चढवत राहायला आधार नाही. ब्रिटनमधल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत नुसता आकडा वर न्यायला अल्ब्युमिन दिल्यानं ना इन्फेक्शन कमी झाली ना मृत्यू.

दोन दिवसांनी पुन्हा पाणी तपासून पेशी उतरल्या का बघतात. उतरल्या नाहीत तर जंतू औषधाला दाद देत नाही, किंवा आतडं फुटल्यासारखं दुसरंच कारण आहे.

ताट, पाणी, दूध

उपाशी पेशी लढत नाहीत. "लिव्हरला प्रोटीन बंद" हे जुनं खूळ अजून गावोगाव आहे. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९०. वजन कोरडं धरायचं, पोटातलं पाणी सोडून. खान्देशी ताटात हे अवघड नाही. कळणा घ्या: तीन भाग ज्वारी आणि एक भाग अख्खे उडीद दळले तर ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत अकराएक ग्रॅम प्रथिनं येतात. अशा तीन भाकरी, ६० ग्रॅम डाळ, पाव लिटर दूध, दोन अंडी, वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे म्हणजे ७५ च्या पुढे. फक्त बऱ्याच घरांत कळणा दळतानाच त्यात खडेमीठ टाकतात. पेशंटचं पीठ बिनमिठाचं वेगळं दळून आणा.

जलोदर असेल तर दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. बिबडे, पापड, लोणचं आणि शेवभाजीवरची शेव यांतच ते संपतं. पापडखार हासुद्धा सोडियमच. भरीत चालतं, हिरवी मिरची-लसणासकट, मीठ हात राखून आणि लिंबू पिळून. सैंधव म्हणजे मीठच. "लो-सोडियम" मीठ त्याहून वाईट, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी पोटॅशियम आधीच वाढवते. केळीचंही तेच: रावेर-यावलच्या घरात केळी बंद करा म्हणणं कठीण, आणि सरसकट बंद करायचं कारणही नाही. पोटॅशियम तपासलेलं असेल आणि पाचच्या आत असेल तर दिवसाला एखादं चालतं. वर गेलं असेल तर थांबा.

रात्री झोपताना एक छोटी भाकरी आणि अर्धा कप दूध द्या; पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली की शरीर रात्रभर स्वतःचा स्नायू जाळत बसत नाही. उपवास नको. कानबाईच्या रोटानं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याआधी दिवसभर निरंकार राहिल्यानं.

पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळ उकळू द्या आणि झाकून, तोटीच्या भांड्यात ठेवा. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी आलं की हिपॅटायटिस ई पसरतो. धडधाकट माणूस त्यातून उठतो, सिऱ्हॉसिसवाला उठेलच असं नाही. जारचं थंड पाणी, रसवंतीतला बर्फ, लग्नातला मठ्ठा या तिन्हींना नाही म्हणा. दूध घरची गाय असली तरी उकळूनच. मोड आलेली कडधान्यं वाफवून. अंडं घट्ट उकडलेलं.

लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध रोज, दोन-तीन मऊ जुलाब होतील एवढं. ते अमोनिया उतरवतं. पण पाच-सहा पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर मात्रा जास्त झाली. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलं की डोकं उलट जास्त बिघडतं.

कातडी, पाय, दात, सुई

सुजलेल्या पायाची कातडी ताणून पातळ होते आणि खरवडल्या जागेतून जंतू आत जातो. कपाशी वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडतात. हे काम पेशंटला देऊ नका, दिलंच तर हातमोजे. केळीच्या बागेत ठिबकच्या ओलीत अनवाणी जाणं बंद. बोटांमधल्या चिखल्या रोज धुऊन कोरड्या करा आणि बुरशीचं मलम लावा. पायावर लाल, गरम चट्टा दिसला तर त्याच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली तर सकाळची वाट बघू नका.

काविळीला डाग देणं म्हणजे निकामी पेशींच्या माणसाला मुद्दाम जखम करणं. माळ बांधली तर निदान कातडी शाबूत राहते, पण माळेच्या भरवशावर आठवडा जातो, तो परत मिळत नाही.

दात किडलेले असतील तर तब्येत बरी असतानाच काढून घ्या, लिव्हरच्या डॉक्टरांना विचारून. दवाखान्यात असाल तर हातातली सुई आणि लघवीची नळी अजून हवी का, हे रोज राऊंडला विचारा. कामाशिवाय राहिलेली नळी हे जंतूंचं दार असतं.

मेडिकलवरून काय आणायचं नाही

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक: एकही नाही, मूत्रपिंड बसतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त चार गोळ्या. झोपेची गोळी नाही. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती कशासाठी, हे विचारा. जठरातलं आम्ल मेलं की जंतूंना वाट मोकळी होते आणि जलोदरात इन्फेक्शन वाढतं. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं दुसरा इलाज असेल तोवर नकोत. ताकदीसाठी म्हणून स्टेरॉइडची सुई तर मुळीच नको.

आणि सलाईन. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून टाका," हे घरचेच सांगतात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. महिनाभर भाकरी बिनमिठाची खाऊन कमावलेलं एका दुपारी जातं.

अँटिबायोटिक अर्धवट घेऊन सोडू नका आणि सर्दीला स्वतःहून सुरूही करू नका. औषधाला न जुमानणारे जंतू आपल्याकडे पुष्कळ आहेत.

कधी निघायचं

काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर तासाभरात. अशा रक्तस्रावात इन्फेक्शन नसलं तरी अँटिबायोटिक देतात, कारण त्या दिवसांत जंतू सहज रक्तात शिरतात; सेफ्ट्रिॲक्सोन रोज एक ग्रॅम, जास्तीत जास्त सात दिवस. वरचं बीपी ९० च्या खाली, बरळणं, श्वास लागणं, लघवी बंद, अंग गार: यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या लोकांनी वहीत डोक्याची खूण बदलली की दुपारीच निघावं, रात्री घाट उतरायची वेळ येऊ देऊ नये. जळगाव, धुळे आणि नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. पाणी तपासणं आणि पहिला डोस तिथेच होऊ द्या, मुंबई-पुण्याला न्यायचं ते त्यानंतर. तपासणीशिवाय आठ तासांचा प्रवास पेशंटला सोसत नाही.

बरं होऊन घरी आल्यावर पोटातल्या पाण्याचं इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून बऱ्याच पेशंटांना रोजची नॉरफ्लॉक्सासिन ४०० किंवा तशीच दुसरी गोळी देतात. ती बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते. एकदा हे इन्फेक्शन झालं की लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दल बोलायची वेळ आली असं समजा आणि तशी चिठ्ठी मागून घ्या.

लसी तब्येत स्थिर असताना घ्या. दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची, एकदा न्यूमोकॉकसची, हिपॅटायटिस ए ची, आणि हिपॅटायटिस बी ची ०, १ आणि ६ महिन्यांनी. बी ची मात्रा सिऱ्हॉसिसमध्ये दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम देतात, कारण थकलेल्या पेशी साध्या मात्रेला दाद देत नाहीत. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागली का, ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. १० च्या खाली आलं तर कोर्स पुन्हा द्यावा लागतो.